इस्त्रीखालचं सर्किट

टोनर म्हणजे काळा रंग मिसळलेल्या प्लॅस्टिकची अतिशय बारीक भुकटी. लेसर प्रिंटरमध्ये ती विजेच्या भाराने कागदाला चिकटते आणि तापलेल्या रोलरखाली वितळून बसते. पुन्हा तापवली की पुन्हा मऊ होते. त्या वेळी तिला तांब्याच्या स्वच्छ पत्र्यावर इस्त्रीने दाबून धरलं तर ती कागद सोडून तांब्याला धरते. प्लॅस्टिकच असल्यामुळे तांबं खाणारं रसायन तिच्याखाली पोचत नाही. घरी पीसीबी, म्हणजे छापील सर्किटचा बोर्ड, बनवण्याची ही रीत एवढ्या एका गुणावर उभी आहे. इंकजेटच्या शाईने हे काम होत नाही ते त्यामुळेच.

चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरियात पहिली झेरॉक्स प्रत काढली, तेव्हाही पत्र्यावरची भुकटी मेणकागदावर दाबून, उष्णता देऊन उतरवली होती. त्याच दशकात व्हिएन्नाचा पॉल आइस्लर लंडनमध्ये तांब्याच्या पातळ पत्र्यावर सर्किट छापून नको तेवढं तांबं काढून टाकण्याच्या खटपटीत होता. इस्त्रीच्या टेबलावर या दोघांच्या कल्पना एकत्र येतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

सामान पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं. कॉपर क्लॅड, म्हणजे तांब्याचा थर चढवलेला बोर्ड, दोन जातींचा असतो: तपकिरी, कागदी फिनॉलिकचा आणि फिकट हिरवट, ग्लास इपॉक्सीचा. इस्त्रीची उष्णता दुसरा जास्त चांगली सोसतो. वरचा तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉनचा. तो तारेच्या घासणीने चकचकीत घासायचा, अ‍ॅसिटोनने पुसायचा आणि नंतर बोट लावायचं नाही. फसलेल्या बहुतेक बोर्डांचं मूळ मला या पायरीतच दिसतं. इस्त्रीला उगीच दोष दिला जातो.

सर्किटचं चित्र सुलट छापायचं की उलट, यावर नवशिके अडतात. तांब्याच्या थरावर एखादं अक्षर असं घालावं की तयार बोर्डावर ते सरळ वाचता येईल. छापलेल्या कागदावर तेच अक्षर उलटं दिसलं, म्हणजे छपाई बरोबर.

कागद गुळगुळीत हवा. मासिकाचं चकचकीत पानही चालतं, कारण त्यावरचा लेप पाण्यात सुटतो आणि टोनर मागे राहतो. इस्त्री वाफेविना, चांगली तापलेली. काही मिनिटं सगळीकडे सारखा दाब द्यायचा, कडांना विशेष. मग बोर्ड निवू द्यायचा, पाण्यात भिजवायचा आणि अंगठ्याने कागदाचा लगदा हळूहळू सोडवायचा. घाईने ओढला की ट्रॅक, म्हणजे सर्किटची रेघ, उडतो. तुटलेली रेघ परमनंट मार्करने जोडता येते, पण दोन ट्रॅकमध्ये अडकलेला कागदाचा तंतू खालचं तांबं झाकून ठेवतो आणि शॉर्ट करतो. उजेडाकडे धरून तो शोधावाच लागतो.

पुढे तांबं खाणारं फेरिक क्लोराईड. त्याचे गोळे पाण्यात टाकायचे, गोळ्यांवर पाणी ओतायचं नाही. विरघळताना पाणी चांगलंच तापतं. भांडं प्लॅस्टिकचं, हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. कोमट द्रावण हलवत राहिलं की गुलाबी तांबं कडांकडून विरत जातं. जास्त वेळ ठेवलं तर द्रावण टोनरखाली आडवंही शिरतं आणि ट्रॅक बारीक होतात. म्हणून सुरुवात करणाऱ्याने एक मिलिमीटरचे ट्रॅक काढावेत. आयसीच्या दोन पायांमधल्या २.५४ मिलिमीटरमधून पातळ ट्रॅक नेण्याचा मोह नंतर.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही, याबद्दल मी हट्टी आहे. त्यात विरघळलेलं तांबं पाण्यातल्या जिवांना विषारी असतं. धुण्याचा सोडा थोडा थोडा घालावा. फेस थांबून गाळ बसला की तो बंद डब्यात घालून घातक कचऱ्यात द्यावा.

शेवटी ०.८ किंवा १ मिलिमीटरची भोकं. ग्लास इपॉक्सी ड्रिल बिट लवकर बोथट करतो आणि त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नये.

कारखान्यातून याहून देखणा, हिरव्या मास्कचा, दोन्ही बाजू जोडणाऱ्या भोकांचा बोर्ड स्वस्तात येतो, आणि दाट सर्किटासाठी तोच मागवावा. पण तो यायला दिवस लागतात. इथे संध्याकाळी मल्टीमीटरने चूक सापडली, तर रात्रीच चित्र सुधारून नवा तुकडा इस्त्रीखाली घेता येतो. शिवाय झीरो पीसीबीवर, म्हणजे तयार भोकांच्या बोर्डावर, तारा ओढणाऱ्या मुलाला ग्राउंडचा ट्रॅक रुंद का हवा आणि भाग कसे फिरवले म्हणजे जंपरची जोडतार वाचते, हे इथे स्वतः ठरवावं लागतं. केलेली निवड तासाभरात तांब्यात दिसते. अभियांत्रिकीच्या प्रत्येक प्रयोगशाळेत एक इस्त्री असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.