माइक तुमचा, गाणं सगळ्यांचं

कराओकेला उभे राहताना बहुतेक पुरुष आपलं सर्वांत लाडकं गाणं निवडतात आणि दुसऱ्या कडव्याला समोरची मंडळी गप्पांना लागतात. आवाज वाईट नसतो, गाणंही वाईट नसतं. त्या गाण्यात ऐकणाऱ्यांच्या वाट्याला काही आलेलं नसतं, एवढंच. अमेरिका-इंग्लंडमधल्या पबमध्ये वर्षानुवर्षं टिकून राहिलेली इंग्रजी गाणी नीट ऐकली, तर मैफल मारणारं गाणं कसं असतं ते कळतं. परदेशातल्या मराठी मंडळींच्या पार्ट्या असोत, पुण्या-मुंबईतल्या ऑफिसांची स्नेहसंमेलनं असोत की गोव्याच्या शॅकमधली कराओके नाइट, कसोटी तीच.

नील डायमंडचं १९६९ सालचं ‘स्वीट कॅरोलाइन’ घ्या. सुरुवात खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखी. नवख्याचा गळा तिथे तापतो, धडधड कमी होते. मग चाल पायरीपायरीने वर चढते, मागची ब्रास वाद्यं जोर धरतात आणि धृपदात कॅरोलाइनचं नाव घेतलं की गायक थांबतो. त्या मोकळ्या जागेत ब्रासचे तीन सूर वाजतात. ते वाद्यांसाठी लिहिलेले, पण आज तेच सूर अख्खी गर्दी तोंडाने गाते. बॉस्टनच्या फेनवे पार्कवर २००२पासून रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या घरच्या सामन्यांत आठव्या डावाच्या मध्यंतरात हे गाणं लागतं. २०२१मध्ये खेळल्या गेलेल्या युरो फुटबॉल स्पर्धेत इंग्लंडच्या पाठीराख्यांनी वेम्बलीचं मैदान याच गाण्याने दणाणून सोडलं होतं.

जॉन डेन्व्हरच्या ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’चं (१९७१) बळ निराळं आहे. त्याचं धृपद पहिल्या मिनिटाच्या आतच येतं आणि एकदा ऐकलं की तोंडात बसतं. वेस्ट व्हर्जिनियाने २०१४मध्ये त्याला अधिकृत राज्यगीताचा मान दिला. याउलट जर्नी या बँडचं ‘डोन्ट स्टॉप बिलीव्हिन’ (१९८१). ज्या ओळीची सगळे वाट पाहत असतात, ती तीन मिनिटं उलटून गेल्यावर येते. तोवर बँडचा गायक स्टीव्ह पेरी याच्या उंच सुरात एकट्याने किल्ला लढवावा लागतो. ते बळ नसेल, तर हे गाणं मित्रांना सोबत घेऊनच म्हणावं.

दुसरा प्रश्न पट्टीचा. बहुतेक पुरुषांचा आवाज मध्यम किंवा खालच्या पट्टीचा असतो, आणि रॉकमधली गाजलेली गाणी मात्र उंच आवाजाच्या गायकांची. आपल्याकडे अतिशय लाडकं असलेलं ब्रायन अ‍ॅडम्सचं ‘समर ऑफ सिक्स्टी नाइन’ वरच्या सुरांत जोर मागतं. बॉन जोव्हीच्या ‘लिव्हिन ऑन अ प्रेअर’मध्ये (१९८६) तर शेवटच्या धृपदाला सगळी चालच तीन अर्धस्वर वर जाते. आधीच ताणलेला गळा तिथे हमखास फाटतो. भारदस्त आवाजाच्या माणसाने जॉनी कॅशचं ‘रिंग ऑफ फायर’ (१९६३) म्हणावं. त्यातली ट्रम्पेटची धूनही लोक आनंदाने गातात. संथ काही हवं असेल, तर एल्विस प्रेस्लीचं ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’ (१९६१) आहे.

तरीही आवडतं गाणं उंचच असेल, तर यंत्रावरचं पट्टी बदलायचं बटण वापरा. दोन अर्धस्वर खाली उतरणं म्हणजे पांढरी चारचं गाणं काळी दोनमध्ये म्हणणं. यात कमीपणा कसला? कराओकेच्या जन्माची कथाच तशी आहे. जपानच्या कोबे शहरात दाइसुके इनोउए हे क्लबमध्ये वाद्यं वाजवायचे. एका व्यावसायिकाला सहलीत गाण्यासाठी त्यांचीच साथ हवी होती, कारण ती त्याच्या गळ्याला जमायची. इनोउएंना जाता येईना, म्हणून त्यांनी साथ टेपवर भरून दिली. त्यातूनच १९७१मध्ये त्यांचं नाणं टाकून चालणारं यंत्र आलं. त्याचं पेटंट त्यांनी घेतलंच नाही. गाणाऱ्याच्या गळ्याला साथ जुळवून देणं हा या कलेचा मूळ धर्म आहे.

तिसरी गोष्ट लांबीची. ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ साडेसहा मिनिटांचं आहे आणि त्यातली शेवटची दोन मिनिटं नुसती गिटार वाजते. तेवढा वेळ हातात माइक धरून करायचं काय? डॉन मॅक्लीनचं ‘अमेरिकन पाय’ साडेआठ मिनिटांचं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) सहा मिनिटांच्या आसपास जातं आणि त्याच्या मधल्या ऑपेराच्या भागात अनेक आवाजांचे थरावर थर आहेत. ते एकट्याचं काम नव्हे. रात्र रंगल्यावर सगळ्यांनी मिळून म्हटलं, तर त्यासारखं दुसरं गाणं नाही.

तयारी करताना मूळ गाण्यापेक्षा कराओकेचा ट्रॅक जास्त ऐका. मूळ गायक आधाराला नसला की पहिली ओळ नेमकी कुठे उचलायची इथे अडतं, आणि पहिली ओळ चुकली की पुढचं कडवं सावरण्यात जातं. शब्द पडद्यावर दिसत असले तरी धृपद पाठ हवं, कारण लोकांना गायला लावायचं तर नजर त्यांच्याकडे हवी. धृपदाला माइक त्यांच्यापुढे धरायला संकोचू नका. मनात दोन-तीन गाणी घोळत असतील, तर प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारा: यात लोक नेमके कुठे गातील? ज्या गाण्याची जागा चटकन सांगता येईल, त्याच्यापुढे आपलं नाव नोंदवा.