करमाडशेजारी जुळलेली ‘आरएस’ दुर्मीळ कशी ठरते? समजून घ्या

करमाडहून जालना रस्त्याने शहराकडे निघाले की थोड्याच अंतरावर शेंद्रा एमआयडीसी लागते. इथल्या स्कोडाच्या कारखान्यात २००१ पासून गाड्या जुळवल्या जातात. एकेकाळी देशभर गाजलेली ऑक्टेव्हिया इथूनच बाहेर पडली. त्याच ऑक्टेव्हियाची ‘आरएस’ ही वेगवान आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा भारतात आली, तेव्हा संपूर्ण देशासाठी गाड्या होत्या फक्त १००. एक्स-शोरूम किंमत ४९ लाख ९९ हजार रुपये. ही किंमत जाहीर होण्याआधीच सगळ्या गाड्या बुक झाल्या होत्या.

मात्र या शंभरांपैकी एकही गाडी शेंद्र्यात जुळलेली नव्हती. सगळ्या परदेशातून तयार होऊन आल्या. २०१७ मध्ये याच नावाची गाडी शेंद्र्यात जुळवून २४ लाख ६२ हजारांना विकली जात होती. मग ‘दुर्मीळ’ नेमकी कोणती? आणि जुन्या बाजारात ‘आरएस’ म्हणून जी गाडी दाखवली जाते, ती खरी की नुसता बिल्ला लावलेली?

दुर्मीळ आणि ‘स्पेशल’ एकच का?

नाही. हे समजायला अमेरिकेतल्या शेवरोले कॉर्व्हेटकडे पाहावे. हीच शेवरोले कंपनी आपल्या तळेगावच्या कारखान्यात गाड्या बनवायची आणि २०१७ अखेर तिने भारतातली विक्री थांबवली. कॉर्व्हेट मात्र तिने इथे कधी विकली नाही. कॉर्व्हेटचे स्टिअरिंग अनेक दशके डावीकडेच होते. उजव्या स्टिअरिंगची गाडी कारखान्यातून निघू लागली ती आठव्या पिढीपासून.

१९५३ मध्ये, पहिल्या वर्षी, कॉर्व्हेट फक्त ३०० बनल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. गाडी नवी होती, कामगार ती जवळजवळ हातानेच जुळवत होते, म्हणून संख्या कमी राहिली. १९६७ मध्ये ‘एल८८’ नावाचे इंजिन असलेल्या अवघ्या २० गाड्या निघाल्या. हे इंजिन शर्यतीसाठीच होते. सर्वसामान्य ग्राहकाने ते घेऊ नये म्हणून कंपनीने कागदावर ताकद ४३० अश्वशक्ती दाखवली, तिच्याच दुसऱ्या इंजिनापेक्षा पाचने कमी. प्रत्यक्षात ती ५०० च्या वर होती. रेडिओ नाही, हीटर नाही. त्या वेळी फारसे कोणी विचारले नाही. २०१४ मध्ये या वीसपैकी एक गाडी लिलावात ३८ लाख ५० हजार डॉलरला गेली.

आता उलट उदाहरण पाहा. १९७८ मध्ये कॉर्व्हेटला २५ वर्षे झाली आणि इंडियानापोलिसच्या शर्यतीत ती पुढे धावणारी ‘पेस कार’ ठरली. तिची काळी-चंदेरी प्रतिकृती काढायचे ठरले. आधी विचार काही शे गाड्यांचा होता. शेवटी प्रत्येक डीलरला एक म्हणत आकडा ६,५०२ वर गेला. पुढे सोन्याचा भाव येईल म्हणून लोकांनी त्या न चालवता शेडमध्ये झाकून ठेवल्या. इतक्या जणांनी जपल्या की आज त्या सहज मिळतात, आणि भावही तसाच बेताचा. गाडी ‘स्पेशल’ होती, दुर्मीळ नव्हती.

१९८३ चे वर्ष तर गंमतीचेच म्हणायचे. त्या वर्षाच्या ४३ चाचणी-गाड्या बनल्या, पण विकली एकही नाही. एक सोडून बाकी सगळ्या नष्ट केल्या. उरलेली एकुलती एक केंटकीमधल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात आहे.

भारतात १००, २०० असेच आकडे का येतात?

यामागे नियम आहे. पूर्वी परदेशी गाडी आणायची तर तिची भारतात चाचणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागे. पुण्याची एआरएआय ही संस्था हेच काम करते. थोड्याशा गाड्यांसाठी हा खर्च कंपन्यांना परवडत नसे. २०१८ मध्ये केंद्राने सवलत दिली. गाडी उजव्या स्टिअरिंगची असेल आणि युरोप किंवा जपानच्या मानकांत बसत असेल, तर एका कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या इथल्या चाचणीविना आणता येतात. हा कोटा कंपनीला आपल्या सगळ्या आयात मॉडेलांत वाटून घ्यावा लागतो.

दुसरा भाग पैशाचा. ‘आरएस’ २०२५ मध्ये आली तेव्हा तयार गाडीवरचे आयात शुल्क ७० टक्के किंवा त्याहून जास्त होते. सुटे भाग आणून इथे जुळवले तर शुल्क निम्म्याहूनही कमी पडते. पण शंभर गाड्यांसाठी वेगळे भाग मागवणे, साचे बसवणे, कामगारांना प्रशिक्षण देणे हे गणित जुळत नाही. म्हणून गाडी थेट जहाजातून येते आणि ग्राहक दुप्पट मोजतो. जाहिरातीत मात्र ‘मर्यादित आवृत्ती’ असे दिसते.

शेंद्र्याच्या ‘आरएस’चा हिशेब

आरएस म्हणजे ‘रॅली स्पोर्ट’. भारतात हे नाव २००४ मध्ये आले. इंजिन १.८ लिटर टर्बो पेट्रोल, ताकद १५० अश्वशक्ती. युरोपातल्या आरएसमध्ये तेव्हा १८० होती. २०११ मध्ये ‘लॉरा आरएस’ आली, तिचे इंजिन साध्या लॉरा टीएसआयचेच, १६० अश्वशक्तीचे. बाहेरून वेगळी, बॉनेटखाली तीच. शौकिनांनी तेव्हा नाके मुरडली, ते चूक नव्हते.

खरी गोष्ट घडली २०१७ मध्ये. ‘आरएस २३०’ मध्ये २ लिटरचे २३० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि गाडी शेंद्र्यात जुळलेली होती. पंचवीस लाखांच्या आत एवढी ताकद भारतात दुसरीकडे मिळत नव्हती. पहिली खेप झटपट संपली आणि कंपनीला आणखी गाड्या द्याव्या लागल्या. २०२० मध्ये ‘आरएस २४५’ आली. संख्या २००, किंमत ३५ लाख ९९ हजार, आणि गाडी पूर्ण आयात केलेली. २०२५ च्या गाडीत २६५ अश्वशक्ती आहे.

म्हणजे संख्येने सर्वात कमी २०२५ ची. पण मूळ गाड्यांच्या शौकिनाला २०१७ ची अधिक मोलाची वाटू शकते, कारण ती चालवण्यासाठी घेतली गेली. अनेकांनी तिच्या इंजिनाची ताकद बाहेरून वाढवून घेतली. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी शोधावी लागते.

जुनी ‘आरएस’ घेताना काय तपासाल?

लाल-चंदेरी बिल्ला, काळी जाळी आणि मोठी चाके बाजारात सहज विकत मिळतात. साध्या ऑक्टेव्हियाला ती लावली की दुरून फरक कळत नाही. अमेरिकेतही हाच प्रश्न आहे. १९७२ पूर्वीच्या कॉर्व्हेटच्या चासी क्रमांकातून मूळ इंजिन कोणते ते कळत नाही. म्हणून तिथले जाणकार पेट्रोलच्या टाकीवर कारखान्यात चिकटवलेला जुना कागद शोधतात. त्या फाटक्या कागदावर लाखो डॉलरचा सौदा ठरतो.

आपल्याकडे काम सोपे आहे. आरसी बुक किंवा एमपरिवहन ॲप उघडा आणि इंजिनाची क्षमता बघा. २०१७ ते २०२० मधल्या पेट्रोल ऑक्टेव्हियाच्या साध्या गाड्या १,३९५ किंवा १,७९८ सीसीच्या होत्या. आरएस असेल तर १,९८४ हवे. तेवढे नसेल तर बिल्ला नंतर लावलेला आहे, एवढे पक्के. मात्र २०२१ नंतरच्या गाडीला ही कसोटी लावू नका. त्या पिढीच्या साध्या ऑक्टेव्हियातही १,९८४ सीसीचेच इंजिन होते, १९० अश्वशक्तीचे. तिथे चासी क्रमांक घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मूळ मॉडेल आणि सर्व्हिसची नोंद मागून घ्यावी. विकणारा ती दाखवायला टाळाटाळ करत असेल तर बयाणा देऊ नये.

करमाड-शेंद्र्याला याचे काय?

गाडी आयात झाली की इथल्या असेंब्ली लाइनवर तिचे काम नसते. ऑक्टेव्हियाची विक्री २०२३ मध्ये थांबली. त्याच वर्षी बंद झालेली सुपर्ब २०२४ मध्ये परत आली ती १०० आयात गाड्यांच्या रूपाने. कोडियाक आणि ऑडीच्या काही गाड्या मात्र शेंद्र्यातच जुळतात आणि इथला रोजगार त्यांच्यावर चालतो.

जुळवणीवरचा करही सध्या वादात आहे. गाड्यांचे जवळजवळ पूर्ण संच ‘सुटे भाग’ म्हणून वेगवेगळ्या खेपांत आणून कमी शुल्क भरले, असा सीमाशुल्क विभागाचा आरोप आहे. त्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये स्कोडा-फोक्सवॅगनला १.४ अब्ज डॉलरच्या मागणीची नोटीस निघाली. कंपनीने आरोप नाकारून मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले.

२००४ च्या पहिल्या आरएसचे काय?

तिची १५ वर्षांची नोंदणी २०१९ मध्येच संपली. पेट्रोल गाडी असल्याने महाराष्ट्रात ती फिटनेस तपासून दर ५ वर्षांनी वाढवता येते. १५ वर्षांवरच्या कारसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले; २० वर्षांवरच्या कारसाठी २०२५ मध्ये ते १०,००० वर गेले. दिल्ली परिसरातल्या १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर तर बंदीच आली. त्यामुळे तिथल्या अनेक जुन्या गाड्या इतर राज्यांत गेल्या किंवा भंगारात निघाल्या.

‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांनंतरच मिळते. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी आणि शुल्क २०,००० रुपये. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. शेंद्र्यातल्या पहिल्या आरएसला ती २०५४ मध्ये लावता येतील.