प्रतिद्रव्य खालीच पडते

प्रतिद्रव्य : वस्तुमान नेहमीच्या कणाइतकेच, विद्युतभार उलट. त्याची चाहूल देणारे डिरॅक यांचे समीकरण १९२८चे. पॉझिट्रॉनचा (इलेक्ट्रॉनच्या प्रतिकणाचा) शोध कार्ल अँडरसन यांचा, १९३२.

पतन मोजायला प्रतिहायड्रोजनच का? एकटा प्रतिप्रोटॉन भारित असतो. जवळपासच्या किरकोळ विद्युतक्षेत्राची ओढही त्याच्यावर गुरुत्वाकर्षणापेक्षा कितीतरी जास्त. प्रतिप्रोटॉन अधिक पॉझिट्रॉन असा अणू मात्र उदासीन.

अल्फा-जी प्रयोग (सर्न, जिनिव्हाजवळ) : उभा चुंबकीय सापळा, एका खेपेला सुमारे १०० प्रति-अणू. वरच्या व खालच्या टोकाची क्षेत्रे सुमारे २० सेकंदांत हळूहळू उतरवतात. निसटलेला अणू भिंतीला लागताच नष्ट होतो. त्यातून उडालेल्या कणांवरून जागा कळते. सप्टेंबर २०२३चा निकाल : सुमारे ८० टक्के अणू खालून बाहेर. त्वरण नेहमीच्या ०.७५ पट, त्रुटीची मर्यादा पाहता साध्या हायड्रोजनशी जुळणारे. प्रतिद्रव्य वर ढकलले जाते, ही कल्पना इथे बाद झाली. बारीक फरकाचा प्रश्न उरतोच.

तो फरक मोजू शकणारा क्वांटम संवेदक : अणू-इंटरफेरोमीटर. लेसरच्या स्पंदांनी एकाच अणूची तरंगावस्था दोन वाटांनी नेऊन पुन्हा जुळवतात. दोन वाटांच्या कलेतल्या (फेजमधल्या) फरकातून त्वरण मिळते. रुबिडियमच्या दोन समस्थानिकांचे पतन २०२०मध्ये स्टॅनफर्डला असेच ताडले गेले, लाख कोटीत काही भाग इतक्या बारकाईने.

प्रतिद्रव्यावर हे करण्यातली अडचण : प्रति-अणू मोजके आणि फार वेगवान. लेसरने ते प्रथम थंड केले अल्फा गटाने, २०२१मध्ये.

प्रतिद्रव्याचे पतन मोजू पाहणारे सर्नमधील इतर प्रयोग : एजिस, जीबार.