पाक येईपर्यंत

पहाटे ३.४५

गजर वाजायच्या आतच जाग येते. भोगावतीकाठच्या या गावात ज्या काकूंकडे आम्ही उतरलोय, त्यांच्या सोप्यात आमची सातही माणसं पांघरुणात गुरफटून पडलीत. मी अंधारातच चार्जरचे हिरवे दिवे मोजते. आमचा कॅमेरा दोन हातांत मावतो, पण त्याच्या पोटातली छोटी बॅटरी तासभरही टिकत नाही. म्हणून मोठ्या बॅटऱ्या वेगळ्या जोडाव्या लागतात. अशा चार आहेत आणि चारही भरल्यात. दोन एसएसडी रिकाम्या करून त्यांवर आजची तारीख चिकटवलेली आहे. लेन्स तीनच, जुन्या, हाताने फोकस करायच्या. मग बाकीच्यांना उठवते.

४.२०

गुऱ्हाळावर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे कॅमेऱ्याची बॅग आत नेऊन उघडी ठेवणं. रस आटवायच्या काहिलीपासून लांब, पण त्याच छपराखाली. बाहेर हात काकडतायत आणि आत अंगाला घाम फुटतोय. थंड काच एकदम वाफेत नेली की तिच्यावर दव धरतं. ते पुसून जात नाही, काच तापेपर्यंत पुन्हा पुन्हा येत राहतं. त्यामुळे तास-दीड तास आधी कॅमेऱ्याला तिथली हवा लागू द्यायची.

मामा आमच्याही आधी आलेत. मामा म्हणजे इथले गुळवे, आणि आमच्या वीस मिनिटांच्या लघुपटातले वडीलही तेच. आम्ही त्यासाठी नट शोधलाच नाही. संवाद कुणालाही पाठ करता येतात, पण पाक ओळखणारा हात महिनाभराच्या तालमीत येत नाही. मुलीचं काम करणारी ताई कोल्हापूरच्या नाटकांतून आलेली. गोष्ट एवढीशीच: पुण्याला राहणारी मुलगी पहाटे गुऱ्हाळावर येते, तिला वडिलांशी जमिनीबद्दल बोलायचंय, आणि वडिलांना काहिलीवरून नजर काढता येत नाही.

म्हणजे सगळा प्रसंग खऱ्या आधणावर उभा आहे. रस काहिलीत पडल्यापासून गूळ होईपर्यंत अडीच-तीन तास जातात, आणि आम्हाला हवा असलेला क्षण त्यातल्या शेवटच्या काही मिनिटांतला. तो चुकला की पुढच्या आधणापर्यंत थांबायचं. मोठ्या युनिटने इथे दिवसभराचं गुऱ्हाळ भाड्याने घेतलं असतं, काम बंद पाडलं असतं आणि वाफ मशीनने सोडली असती. आम्हाला ते परवडत नाही. पण परवडलं असतं तरी मी केलं नसतं. उसाच्या मोळ्या येऊन पडल्यात, घाणा सुरू आहे, चुलवाणात चिपाड टाकणारा खड्ड्यात बसलाय. या सगळ्यांच्या मध्ये कुणाच्या पायात न येता उभं राहता येतं, हेच लहान कॅमेऱ्याचं मोल.

५.००

काहिलीवर एक दिवा लोंबतोय, स्वस्तातला एलईडी. डोळ्याला तो स्थिर दिसतो, कॅमेऱ्याला मात्र थरथरताना दिसतो. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. सिनेमाचा वेग सेकंदाला २४ फ्रेम. नेहमीचा १८० अंशांचा शटर ठेवला तर दोघांचा मेळ बसत नाही आणि चित्रावर पट्टे सरकू लागतात. शटर १७२.८ अंशांवर आणला की प्रत्येक फ्रेमला नेमका एक-पन्नासांश सेकंद उजेड मिळतो आणि मेळ बसतो. तरी मी तो एलईडी काढून फिलामेंटचा ६० वॅटचा जुना बल्ब लावते. त्याची तार तापलेली राहते, त्यामुळे उजेड जवळपास हलत नाही, आणि त्याच्या पिवळेपणात त्वचा जिवंत दिसते. वायर आखूड करून बल्ब मामांच्या थोडा मागे सरकवते. आता वाफेला मागून उजेड आहे. समोरून उजेड मिळाला तर वाफ नुसती पांढरी भिंत होते. मागून मिळाला की तिचे पदर सुटे होतात.

आजची आमची सगळी रोषणाई म्हणजे हा बल्ब, थर्माकोलचा एक तुकडा आणि बॅटरीवरचं एक तळहाताएवढं पॅनल. आमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरला दोन मूळ आयएसओ आहेत, ४०० आणि ३२००. अंधारात आयएसओ चढवत गेलं की चित्रात रवाळ गोंधळ वाढतो, पण या कॅमेऱ्यात वरच्या टप्प्यात दुसरं सर्किट कामाला लागतं आणि चित्र पुन्हा निवळतं. दहा वर्षांपूर्वी या बल्बाखाली मला मामांच्या डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं मिळाली असती.

व्हाइट बॅलन्स ४३०० वर, मुद्दाम अधलामधला. बल्ब पिवळाच राहावा आणि दारातून येणारी पहाट निळीच दिसावी म्हणून. दोन्ही ‘बरोबर’ करायला गेलं की दोन्ही मरतात.

६.३५

बाहेर निळं फटफटलंय. हा उजेड वीसेक मिनिटांचा. ताई उसाच्या गाडीवाटेने चालत येते, दारात थांबते. दोन टेक. पहिल्या टेकला ट्रॅक्टर आला, दुसरा चांगला आहे. पुढे सरकायचं.

७.०५

आता काहील. मामांनी भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकून मळी कधीच काढून घेतलीय. रसाचा रंग फिरलाय. घाणा बंद झालाय, म्हणून संवादाला जागा आहे. आवाज धरणारा मित्र बूम छपराच्या वाशाखाली तिरका धरून उभा आहे. ताईच्या पदरात एक छोटा माइक आहे. मामांच्या अंगावर नाही. त्यांनी सदरा घातलेला नाही आणि वाफेत टेप चिकटत नाही.

फॉल्स कलर लावते. पडद्यावरचं चित्र जातं आणि उजेडाचा नकाशा येतो: मधला उजेड हिरवा, जिथं तपशील जळाला तिथं लाल. बल्बाची तार लाल आहे, ती राहू दे. मामांच्या कपाळावरचा घाम लाल होता कामा नये. अर्धा स्टॉप खाली. नकाशा बंद.

काहिलीतला फेस उंच चढतो, मग एकाएकी बसतो. बुडबुडे मोठे, जाड, सावकाश फुटणारे होतात. पाक ११८ अंशांच्या आसपास असतो तेव्हा, असं पुस्तकात वाचलं होतं. मामांकडे थर्मामीटर नाही. ते फावड्याच्या टोकावर थोडा पाक घेतात, पाण्याच्या भांड्यात सोडतात, आत हात घालून दोन बोटांत गोळी वळतात आणि ती पत्र्यावर टाकून आवाज ऐकतात. मऊ आवाज आला तर अजून अवकाश आहे.

आमची ‘ॲक्शन’ दिग्दर्शक देणार नाही. ठरलंय असं की मामांनी पहिली गोळी वळली की मी कॅमेरा चालू करायचा, दुसरीला ताईने बोलायला लागायचं. मामांना कॅमेऱ्याकडे न बघण्याचं शिकवावं लागलं नाही; या वेळी ते कुणाकडेच बघत नसतात.

पहिली गोळी. रोलिंग.

पन्नासची लेन्स, फोकस हाताने. मी मामांच्या बोटांवर आहे. पाण्यात बोटं फिरतायत, पाक काचेसारखा ओढला जातोय. दुसरी गोळी. मागे अस्पष्ट उभी ताई बोलायला लागते, आणि तिच्या तिसऱ्या शब्दावर मी फोकस तिच्या चेहऱ्याकडे वळवते. मध्ये वाफेचा लोट येतो. काही दिसत नाही. बोटांना रिंगवरची खूण माहीत आहे, तिथेच थांबते. लोट विरतो. ताई अजून बोलतेय.

तिसरी गोळी पत्र्यावर टक्क वाजते.

“आला,” मामा म्हणतात. हा शब्द संहितेत नाही. आणि चार गडी धावतात, काहील उतरवून गूळ निववायच्या वाफ्यात ओतली जाते. मी कॅमेरा खांद्याला टेकवून त्यांच्याबरोबर सरकते. ताईचं वाक्य अर्धंच राहिलं आणि ते तसंच राहावं असं मला तिथेच वाटतं. दिग्दर्शकाने ‘कट’ म्हणेपर्यंत गूळ घोटायला सुरुवात झालीय.

८.१०

भाकरी आणि काकवी. सगळ्यांना एकदम भूक लागलीय. मी आधी फिल्टर काढते. लेन्सपुढच्या साध्या काचेवर साखरेचा चिकट थर बसलाय. कोरड्या फडक्याने पुसलं तर तो पसरतो आणि ओरखडे येतात. डिस्टिल्ड वॉटरने कापूस ओला करून आधी पाघळू द्यायचा, मग टिपायचा. असे कापसाचे आठ बोळे दिवसाला लागतात. ही दोनशे-पाचशे रुपयांची काच नसती तर हा थर लेन्सवर बसला असता.

१०.४५

उसाचा फड, कडक ऊन. रात्रीच्या कामाला बनलेला हा सेन्सर उन्हात भांबावतो. पुढे सहा स्टॉपचा एनडी फिल्टर लावल्याशिवाय लेन्स उघडी ठेवता येत नाही. आणि इथे एक जुना त्रास आहे. साधा एनडी डोळ्याला दिसणारा उजेड अडवतो, अवरक्त अडवत नाही. मग सेन्सरपर्यंत पोचणाऱ्या उजेडात अवरक्ताचं प्रमाण वाढतं आणि काही काळे कपडे पडद्यावर चॉकलेटी दिसू लागतात. ताईच्या हातातली काळी नायलॉनची छत्री परवा चक्क तपकिरी झाली होती. रंगकामात ती सुधारायला गेलं तर तिचे केसही बदलतात. आज अवरक्तही अडवणारा एनडी लावलाय. छत्री काळी आहे. एवढ्याने सकाळ गोड वाटते.

१२.३०

डोक्यावर ऊन, सावल्या डोळ्यांखाली. या वेळात माणसांचे चेहरे टिपू नयेत. कॅमेरा पिशवीत जातो आणि मी काकूंच्या सोप्यात लॅपटॉप उघडून बसते.

सकाळचे एक तास दहा मिनिटांचे शॉट आहेत. ४के, ८:१ दाबाचं रॉ, सेकंदाला साधारण ४० एमबी. म्हणजे पावणेदोनशे जीबीच्या जवळपास. हे सगळं दोन वेगळ्या डिस्कवर जाणार, आणि तेही नुसतं ओढून टाकून नाही. डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत क्लोन नावाची सोय आहे. ती कॉपी करताना मूळ आणि नकलेचा चेकसम ताडून बघते. तीन वर्षांपूर्वी एका लघुपटाचा अर्धा दिवस मी नुसतं ओढून टाकण्यापायी गमावलाय. फाइली दिसत होत्या, आकारही बरोबर होते, कार्ड फॉरमॅट केलं आणि संध्याकाळी अकरा फाइली उघडेनात. केबल सैल होती. त्या फाइलींत एका आजींचं काम होतं. पुन्हा शूट करायला गेलो तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या दिवसापासून चेकसम जुळल्याशिवाय मी काहीही पुसत नाही, आणि दुसऱ्या कुणाला पुसू देत नाही.

लोक मला पहिलं विचारतात, कॅमेरा कोणता? विचारणं चूक नाही. शॉन बेकरने ‘टँजरिन’ आयफोन ५एसवर केला, २०१५ साली तो सनडान्सला दाखवला गेला. त्याआधी १९९८ सालचा ‘फेस्टेन’ घरगुती मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर झाला होता. २०२५ मध्ये सनडान्सला जागतिक विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा ‘साबर बोंडं’ मराठीतला आहे. पण या यादीतून मला कॅमेऱ्याचं नाव मिळत नाही, त्या माणसांची चिकाटी मिळते. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ फ्रेम-फ्रेमने टिपली, कारण पैसे देणाऱ्यांना काहीतरी दाखवायचं होतं. आणि इथून जवळच, कोल्हापुरात, बाबूराव पेंटरांनी कॅमेराच स्वतः घडवला आणि १९२० ला ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्या शहरात वाढलेल्या मला कॅमेरा भाड्याने मिळत नाही म्हणून अडून बसता येत नाही.

दोन वाजता वीज जाते. लॅपटॉप मोठ्या बॅटरीवर टाकते. कॉपी थांबत नाही.

३.३०

ही वेळ आवाजाची. गुऱ्हाळात दुसरं आधण चढलंय. मित्र एकटाच आत जातो आणि दहा-दहा मिनिटं नुसतं ऐकत रेकॉर्ड करतो: घाण्याचं इंजिन, चिपाडाचा जाळ, रसाची उकळी, पत्र्यावरची गोळी. मग सगळे बाहेर असताना रिकाम्या छपराचं एक मिनिट. संकलनात दोन वाक्यांमधली फट या मिनिटाने भरायची असते. त्याचा रेकॉर्डर ३२-बिट फ्लोटवर चालतो, त्यामुळे मोठा आवाज फाटला तरी नंतर सावरता येतो. पण माइकच फाटला तर नाही, आणि माइक चुकीच्या जागी असेल तर मुळीच नाही. चांगल्या चित्राला वाईट आवाज लावला की लोक उठून जातात; हे मी तीन महोत्सवांच्या मागच्या रांगेतून पाहिलंय.

५.४०

सूर्य मावळायला वीसेक मिनिटं. शेवटचा शॉट: ताई नदीकडे पाठ करून चालतेय, हातात कागदात बांधलेला गुळाचा रवा. ट्रायपॉड नाही, गिंबल नाही. मी उलटी चालतेय आणि सहायक माझा पट्टा धरून मागचे खड्डे सांगतोय. “उजवीकडं. हळू. चर हाय.” सहा टेक. चौथ्यात उजेड तिच्या कानामागून येतो. सहाव्यात उजेड गेलेला असतो, तरी घेतो.

पॅकअप.

९.१५

जेवण झाल्यावर मामा स्वतःहून येतात. सकाळचं बघायचंय म्हणतात. चेकसम जुळलेत, दोन डिस्क दोन खोल्यांत ठेवल्यात, तेव्हा बघायला हरकत नाही. सोप्यात सगळे लॅपटॉपभोवती बसतात.

गोळी वळणारी बोटं येतात. कुणी बोलत नाही. मग फोकस वळतो, वाफेचा लोट येतो, विरतो, आणि मला दिसतं: ताईचा चेहरा किंचित सुटलाय. वाफ गेल्यानंतर दोन सेकंद फोकस तिच्या कानावर आहे, डोळ्यांवर नाही. ती बोलताना एक पाऊल पुढे आली होती आणि मला ते वाफेत कळलं नाही. दिग्दर्शक म्हणतो, चालेल. छोट्या पडद्यावर चालेल, मोठ्यावर चालणार नाही. मी तसं सांगते.

मामा स्वतःच्या चेहऱ्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. काहिलीच्या कडेकडे बोट दाखवतात. “हितं मळी ऱ्हायलीया. सकाळच्याला दिसली न्हाई.”

मग माझ्याकडे बघतात. “तुजं बी ऱ्हायलंय म्हन की काय तरी?”

व्हय, मी म्हणते.

“उद्या चारला चढवतोय आधण,” ते म्हणतात आणि चपला शोधू लागतात.

मी बॅटऱ्या चार्जरला लावते. ताईला सांगते, उद्या ते पाऊल तसंच पुढे टाक, मी त्या जागेला खडूची खूण करून ठेवीन.