कुबरनेटीस शिकायला क्लस्टर भाड्याने घ्यावं लागतं का?

कुबरनेटीस शिकायला बसलेल्या विद्यार्थ्यापुढे पहिली अडचण यंत्राची असते. लॅपटॉप जुना, रॅम चार जीबी. मग कुणीतरी सांगतं, क्लाउडवर खातं उघड आणि क्लस्टर उभं कर. सल्ला वाईट नाही. पण त्यासोबत जे समज पसरलेत ते महागात पडतात, आणि कार्ड बहुतेक वेळा आईवडिलांचं असतं.

गैरसमज: क्लाउडवर सराव करायचा तर ॲमेझॉनचं ईकेएस, गूगलचं जीकेई किंवा मायक्रोसॉफ्टचं एकेएसच हवं.

वस्तुस्थिती: गूगलने २०१४ मध्ये जाहीर केलेलं कुबरनेटीस मुक्तस्रोत आहे आणि त्याचा मूळ एपीआय सगळीकडे सारखाच असतो. पॉड, डिप्लॉयमेंट, सर्व्हिस, कॉन्फिगमॅप हे सगळं ‘काइंड’ किंवा ‘के३एस’ वापरून एकाच यंत्रावर शिकता येतं. काइंडमध्ये प्रत्येक नोड हा स्वतः एक डॉकर कंटेनर असतो. म्हणजे भाड्याने घ्यायचंच तर साधं यंत्र पुरतं. गिटहबच्या कोडस्पेसेसमध्ये वैयक्तिक मोफत खात्याला महिन्याला १२० कोअर-तास आणि १५ जीबी साठवण मिळते. दोन कोअरचं यंत्र घेतलं तर ६० तास. आपल्याकडे फक्त ब्राउझर लागतो. रिपॉझिटरीत डेव्हकंटेनरची फाइल ठेवली आणि तीत डॉकर, कुबेक्टल, काइंड यांच्या आवृत्त्या नेमून दिल्या, की वर्गातल्या प्रत्येकाला सारखंच वातावरण मिळतं. नोडची संख्या आपोआप वाढणं, क्लाउडचा खरा लोड बॅलन्सर, क्लाउड कंपनीची परवानग्यांची व्यवस्था, एवढ्यासाठी मात्र खरं क्लस्टर लागतं. ते शेवटच्या टप्प्यावर, थोड्या तासांसाठी घ्यावं.

गैरसमज: आपण काम थांबवलं की मीटरही थांबतं.

सर्वाधिक नुकसान याच समजाने होतं. ईकेएसच्या कंट्रोल प्लेनचा साधा दर ताशी ०.१० डॉलर आहे, म्हणजे महिनाभर तसंच राहिलं तर सुमारे ७३ डॉलर. त्यावर एकही ॲप चालत नसलं तरी हे पैसे लागतात. नोड, डिस्क आणि नॅट गेटवे यांचं भाडं वेगळं. जीकेईचाही दर तोच. तिथे महिन्याला मिळणाऱ्या सवलतीत एका झोनल किंवा ऑटोपायलट क्लस्टरचं व्यवस्थापन शुल्क माफ होतं, पण त्यावर जे चालतं त्याचे पैसे भरावेच लागतात. एकेएसच्या मोफत श्रेणीत कंट्रोल प्लेनला शुल्क नाही, नोडना आहे.

यामल फाइलमध्ये सर्व्हिसचा प्रकार ‘लोडबॅलन्सर’ असा लिहिला की त्या एका शब्दाने खरा, बिल लागणारा लोड बॅलन्सर उभा राहतो. नंतर क्लस्टर थेट पुसलं तर तो लोड बॅलन्सर आणि पॉडसाठी मागितलेल्या डिस्का मागे राहू शकतात. म्हणून क्रम पाळावा: आधी सर्व्हिस आणि व्हॉल्यूमच्या मागण्या काढायच्या, मग क्लस्टर, आणि शेवटी कन्सोलमध्ये जाऊन काही उरलंय का ते डोळ्यांनी पाहायचं. कोडस्पेसचंही तसंच. मूळ सेटिंगप्रमाणे ३० मिनिटं हालचाल नसली की ते थांबतं, पण पुसेपर्यंत साठवण मोजली जाते.

‘बजेट लावलंय, आता काळजी नाही’ हाही भ्रमच. बजेट मुळात फक्त इशारा देतं, खर्च अडवत नाही. शिवाय खर्चाचे आकडे काही तास उशिरा दिसतात.

गैरसमज: कुबरनेटीसने डॉकर बंद केलं, आता ते शिकून उपयोग नाही.

मे २०२२ मधल्या १.२४ आवृत्तीतून डॉकरशिम हा जोडभाग काढला, एवढंच. डॉकरने बांधलेल्या इमेज कंटेनरडी किंवा क्राय-ओ या रनटाइमवर तशाच चालतात.

गैरसमज: सरावाचं क्लस्टर कोण कशाला फोडेल?

फोडणाऱ्याला तुमच्या माहितीत रस नसेलही, त्याला प्रोसेसर हवा असतो. टेस्लाचा कुबरनेटीस कन्सोल पासवर्डाविना उघडा राहिला आणि त्यातून शिरलेल्यांनी कंपनीच्या क्लाउडवर क्रिप्टो मायनिंग चालवलं; हे २०१८ मध्ये उघड झालं. तेव्हा डॅशबोर्ड किंवा एपीआय सर्व्हरचं ६४४३ पोर्ट सगळ्या जगाला उघडं ठेवू नका. कुबरनेटीसमधली ‘सीक्रेट्स’ही मुळात फक्त बेस६४ रूपात दिसतात. तो लेखनाचा एक प्रकार आहे, कुलूप नव्हे. म्हणून सीक्रेटची यामल फाइल गिटवर चढवू नये. आणि नेमस्पेस वेगळं केलं म्हणजे भिंत झाली असंही नाही: नेटवर्क पॉलिसी लावेपर्यंत पॉड एकमेकांशी बोलू शकतात.

महाविद्यालयांना एक विनंती. प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थ्यांकडून कार्ड मागू नका. काइंड बसवलेली एक डेव्हकंटेनर फाइल तयार करून द्या. अभ्यासक्रमाचा बहुतेक भाग त्यात होतो, आणि कुणाच्याही घरी डॉलरमधलं बिल येत नाही.