लज्जित करण्याचा अधिकार : पश्चिम आफ्रिकेतील स्त्रीसमूह आणि समाजशांती

पश्चिम आफ्रिकेतील पारंपरिक स्त्रीसमूहांच्या शांतताकार्याचा विचार करताना दोन सोयीस्कर कल्पना आड येतात. पहिली वसाहतकालीन आहे. तिला स्त्रियांची सामूहिक कृती ही 'दंगल' वाटते. दुसरी अलीकडची आहे. तिला तीच कृती मातृहृदयाचा सहज उद्गार वाटते. दोहोंतही एक महत्त्वाची गोष्ट निसटते. या समूहांचे सामर्थ्य समाजाने मान्य केलेल्या एका अधिकारात होते : अन्याय करणाऱ्यास चारचौघांत लज्जित करण्याचा अधिकार. तो गीत, विडंबन, मौन आणि देह यांच्या द्वारे बजावला जाई. म्हणूनच तो समाजशास्त्राइतकाच साहित्याच्या अभ्यासाचाही विषय ठरतो.

आग्नेय नायजेरियातील इग्बो समाजाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे विवाह वंशाबाहेर होतो. लग्न होऊन गेलेल्या व न गेलेल्या अशा वंशाच्या सर्व लेकींचा समूह म्हणजे 'उमुआडा'. मराठीत 'माहेरवाशिणी' हा शब्द जवळचा वाटतो. परंतु त्यात जिव्हाळा आणि मान असला, तरी न्यायनिवाड्याची छटा नाही. उमुआडा मात्र अंत्यविधी किंवा कलहप्रसंगी माहेरी एकत्र येतात, भाऊबंदकीच्या व घरगुती तंट्यांत निवाडा देतात, आणि त्यांचा शब्द डावलणे भावांना जड जाते. त्यांचे स्थानच दुहेरी आहे. जन्माने त्या एका वंशाच्या, विवाहाने दुसऱ्या. दोन गावांत वैर पेटले, तर एका बाजूला त्यांचे भाऊ आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे मुलगे उभे असत. मध्यस्थी ही त्यांच्यासाठी केवळ परोपकाराची बाब नव्हती, हे यावरून ध्यानात येईल.

निवाडा न मानणाऱ्यावर, तसेच पत्नीला छळणाऱ्या किंवा बाजाराचे नियम मोडणाऱ्या पुरुषावर, स्त्रिया 'बसत'. जूडिथ व्हॅन ॲलन यांनी १९७२ मध्ये या प्रथेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. स्त्रिया त्या पुरुषाच्या घराभोवती जमत, त्याच्या दुर्वर्तनाचा पाढा वाचणारी आणि त्याच्या पुरुषार्थाची थट्टा करणारी गाणी गात, मुसळांनी भिंती बडवीत. तो पश्चात्ताप व्यक्त करीपर्यंत हटत नसत. आपल्याकडील 'धरणे' येथे आठवते. पण जुन्या धरण्यात बसणारा स्वतः उपाशी राहून क्लेश सोसतो, तर येथे उपहासाचे काव्य हेच शस्त्र आहे. ही गाणी प्रसंगाबरहुकूम रचली जात. गाणे, ताल, वेश आणि श्रोतृवृंद मिळून त्यांची संहिता सिद्ध होते. केवळ शब्द उतरवून घेतले तर तिचा अर्थ हाती लागत नाही.

नेमके हेच १९२९ मध्ये घडले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ओलोको येथे न्वान्येरुवा या स्त्रीकडे घरातील माणसांची व जनावरांची मोजदाद करण्यासाठी माणूस आला. मोजदादीमागून स्त्रियांवर कर येणार, या भीतीने गावोगावच्या स्त्रिया उठल्या आणि वसाहती सत्तेने नेमलेल्या प्रमुखांवर 'बसल्या'. ओळखीचा विधी त्यांनी अनोळखी सत्तेपुढे मांडला होता. सत्तेला त्यात केवळ जमाव दिसला. डिसेंबरात झालेल्या गोळीबारांत पन्नासहून अधिक स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. ब्रिटिश दप्तरात ही घटना 'आबा येथील दंगली' म्हणून नोंदली गेली; इग्बो भाषेत ती 'ओगु उमुन्वान्यी', म्हणजे 'स्त्रियांचे युद्ध' आहे. नामांतील हा भेद म्हणजे एका वाङ्मयप्रकाराच्या चुकीच्या वाचनाची नोंदच होय, आणि ते वाचन प्राणघातक ठरले. पुढे ओबिंकाराम एचेवा यांनी 'आय सॉ द स्काय कॅच फायर' (१९९२) या कादंबरीत हाच इतिहास स्त्रीच्या कथनातून पुन्हा उभा केला.

लायबेरियातील घटना वेगळ्या समाजातील आणि वेगळ्या काळातील आहे. २००३ मध्ये लेमा ग्बोवी यांच्या पुढाकाराने ख्रिस्ती व मुस्लिम स्त्रिया पांढरी वस्त्रे नेसून मन्रोव्हियात रस्त्याकाठच्या मैदानावर दिवसेंदिवस बसल्या. हे आधुनिक संघटन होते. त्यास पारंपरिक समूह म्हणता येणार नाही. मात्र त्याच वर्षी अक्रा येथील वाटाघाटी रखडल्या, तेव्हा या स्त्रियांनी सभागृहाचा दरवाजा अडवला आणि त्यांना हटवू पाहताच ग्बोवी यांनी अंगावरची वस्त्रे उतरवण्यास आरंभ केला. मातेने हेतुपुरस्सर नग्न होणे हा पुरुषांना लागणारा शाप, ही समजूत पश्चिम आफ्रिकेत दूरवर रुजलेली आहे. त्यामुळे त्या खुणेचा अर्थ दरवाजाशी असलेल्या पुरुषांना सांगावा लागला नाही. १८ ऑगस्ट २००३ रोजी शांतताकरार झाला. त्यास लष्करी व आंतरराष्ट्रीय दडपणही कारणीभूत होते; तथापि स्त्रियांची खूण येथे वाचली गेली, हा १९२९ पासूनचा फरक महत्त्वाचा आहे. ग्बोवी यांना २०११ चे शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. विधवेवर कठोर विधी लादण्यात अनेकदा उमुआडाच पुढे असत. लायबेरिया व सिएरा लिओन येथील 'सांदे' या स्त्रियांच्या गुप्तसंस्थेने मुलींना शिक्षण, नृत्य आणि परस्परनिष्ठा दिली, तशीच जननेंद्रियछेदनाची प्रथाही जपली. जो अधिकार बलवंताला वठणीवर आणतो, तोच दुर्बलेला मुकाट करू शकतो. शांतता आणि दंड ही एकाच संस्थेची दोन अंगे आहेत.

तौलनिक अभ्यासाला यातून एक दिशा मिळते. निषेधगीत, शिवी, शाप आणि मौन हे प्रकार साहित्येतिहासाच्या कडेला राहतात, कारण त्यांचे मोल आपण केवळ सौंदर्याच्या निकषावर ठरवतो. ते कोणास बोलण्याचा अधिकार देतात, कोण ते ऐकण्यास बांधील असतो आणि ऐकणारा परका असल्यास काय घडते, हे प्रश्न विचारले तरच त्यांचे वाङ्मयीन कार्य कळते. अनुवाद करताना 'दंगल' की 'युद्ध', 'माहेरवाशीण' की 'न्यायकर्ती', ही निवड म्हणूनच निव्वळ शब्दांची उरत नाही.