शेजारच्या दातांच्या जिवावर

वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांमागे एक दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडलेला नसतो. त्यामुळे अनेक आईवडील तिलाही दुधाचीच समजतात आणि ती किडली तर 'पडेल, नवी येईल' म्हणून गप्प बसतात. नवी येत नाही. शेवटी ती काढावी लागते आणि पुढे कधीतरी माणूस दवाखान्यात येऊन म्हणतो, "डॉक्टर, फिक्स दात बसवायचाय."

तोवर मागची दाढ रिकाम्या जागेकडे कललेली असते. खालची दाढ गेली असेल तर समोरची वरची दाढही, अडवणारं कुणी नसल्याने, खाली उतरू लागलेली असते. म्हणून दात काढल्यावर दोन-तीन महिन्यांत, हिरडी भरून आली की, पुढचं ठरवलेलं बरं.

फिक्स दात बसवण्याचा एक मार्ग म्हणजे ब्रिज. त्यात रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात सगळीकडून घासून बारीक करतात, माप घेतात आणि लॅबमधून एकमेकींना जोडलेल्या तीन कॅप येतात. कडेच्या दोन त्या घासलेल्या दातांवर सिमेंटने बसतात. मधला खोटा दात हिरडीला जेमतेम टेकतो, त्याला मूळ नसतं. भाकरी चावताना त्याच्यावर पडणारा सगळा भार शेजाऱ्यांच्या मुळांतून हाडात उतरतो. गेलेला दात एकच, मग बिल तीन युनिटचं का, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

हे शेजारी किती भार पेलतील? १९२६ साली आंते या दंतवैद्यांनी एक नियम मांडला: आधाराच्या दातांच्या मुळांचं हाडातलं क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांइतकं किंवा जास्त असावं. हिरड्या निरोगी राखल्या तर याहून कमी आधारावरही ब्रिज टिकतात, असं पुढे दिसून आलं. पण अंदाजाला तो नियम आजही उपयोगी पडतो. वर्षानुवर्षं मिश्री किंवा तंबाखू लावून ज्यांच्या हिरड्या खाली सरकल्यात, दात हलू लागलेत, त्यांनी आधी हिरड्यांचा उपचार करावा. हलत्या दातावर ब्रिज बांधला तर तोही जातो.

माझं मत विचाराल तर शेजारचे दोन्ही दात अखंड, बिनकिडीचे असतील तेव्हा ब्रिजला हो म्हणण्याआधी थोडं थांबावं. पूर्ण कॅपसाठी दाताचा दिसणारा भाग निम्म्याहून जास्त घासला जाऊ शकतो आणि घासलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. हाड चांगलं असेल आणि खर्च झेपणार असेल तर अशा वेळी इम्प्लांटचा, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाचा, विचार करावा. पण त्याच दातांचं रूट कॅनाल झालेलं असेल, कॅप बसवावीच लागणार असेल, तर ब्रिजइतकी सोयीची गोष्ट नाही. पुढचा एखादा दात गेला असेल तर मेरीलँड ब्रिजही असतो: मागच्या बाजूने पातळ पंख चिकटवायचे, घासणं अगदी थोडं. दाढेला मात्र तो जपूनच वापरतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत ब्रिजचं काम खासगी दवाखान्यापेक्षा स्वस्तात होतं. फेऱ्या जास्त माराव्या लागतात, एवढंच.

नीट सांभाळलेला ब्रिज दहा-पंधरा वर्षं सहज चालतो. तो निकामी होतो तो बहुधा खोट्या दातामुळे नाही, कॅपच्या कडेखाली शेजारचा दात किडल्यामुळे. नुसत्या ब्रशने खोट्या दाताखालचं अन्न निघत नाही. तिथे बारीक इंटरडेंटल ब्रश किंवा टोक कडक असलेला सुपरफ्लॉस रोज फिरवावा लागतो. आधाराच्या दाताचं रूट कॅनाल झालेलं असेल तर तो किडताना दुखतही नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी आणि गरजेप्रमाणे एक्स-रे एवढाच उपाय. आणि ब्रिज निघून हातात आलाच, तर फेविक्विकने घरी चिकटवू नका. डबीत घालून डॉक्टरांकडे न्या. आतला दात शाबूत असेल तर पुष्कळदा तोच पुन्हा बसवता येतो.